टोळांनी खाल्लेली वर्षे आणि आईच्या पाटल्या

"जय ख्रिस्त, ताई. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले. अडीच एकर डाळिंबाची बाग होती. तेल्या रोग आला. दोन बहार फवारण्या केल्या, शेवटी बाग उपटून टाकली. त्याला सहा वर्षे झाली. सोसायटीचे कर्ज थकले आहे, गावातल्या एकाकडून शेकडा पाचने घेतलेले वेगळेच. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला देणे, कधी चुकवला नाही, उपास-प्रार्थना केल्या, पण गेलेले काही परत आले नाही. मागच्या महिन्यात संजीवन सभेत बाहेरगावच्या वक्त्यांनी बायबलमधल्या योएल २:२५ वर संदेश दिला. टोळांनी खाल्लेली वर्षे देव दुपटीने भरून देईल, पण आधी घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू बीज म्हणून पेरा, म्हणजे अर्पण म्हणून द्या, असे ते म्हणाले. माझ्याकडे आईच्या दोन पाटल्या उरल्या आहेत. सासूबाई म्हणतात, देऊन टाक, तुमचा विश्वास कमी पडतोय. मुलीची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची आहे. यांची झोप उडाली आहे, रात्री उठून मोकळ्या रानात जाऊन बसतात, कुणाशी बोलत नाहीत. रविवारी साक्षीची, म्हणजे देवाने काय केले ते उभे राहून सांगायची, वेळ आली की मला बाहेर निघून जावेसे वाटते. आमच्या घरात काही लपलेले पाप आहे का? पाटल्या देऊ का?"

– एक बहीण

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

पाटल्या देऊ नका. हे आधी स्पष्ट सांगते, म्हणजे बाकीचे वाचताना मनावर ते ओझे राहणार नाही. कारणे पुढे देते, आणि तीही त्याच योएलच्या पुस्तकातून.

पण पाटल्यांपेक्षा मोठी गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तुमचे यजमान रात्री उठून मोकळ्या रानात बसतात आणि बोलत नाहीत. कर्ज, उपटलेली बाग, उडालेली झोप आणि अबोला हे सगळे एकत्र आले की घरच्यांनी थांबून बघायचे नसते. आज रात्री त्यांच्यासोबत रानात जाऊन बसा, किंवा दिरांना बसायला सांगा. "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असे सरळ विचारा. विचारल्याने विचार येत नाहीत. आलेले असतील तर ते बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधे घरात किंवा शेडमध्ये असतील तर आजच शेजारी हलवा. १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही सांगा. यात विश्वासाची कमी नाही.

एलीया संदेष्ट्याचे आठवा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, परमेश्वरा, माझा प्राण घे. देवाने त्याला काय उत्तर दिले ते १ राजे १९ मध्ये बघा. विश्वासावरचा उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. दूताने उठवले तेव्हा निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा उशाशी होता. तो जेवला, पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून खायला घातले, कारण प्रवास त्याच्या शक्तीपलीकडचा होता. प्रश्नोत्तरे पुढे होरेब डोंगरावर झाली, पोट भरल्यावर आणि झोप झाल्यावर. तुमच्या घरात देवाचा पुरवठा आधी असाच यावा, यजमानांना जेवण, झोप आणि सोबत मिळावी, अशी माझी प्रार्थना आहे.

आता योएलकडे वळू. वक्त्यांनी जे वचन वाचले ते खरे आहे आणि मला फार प्रिय आहे, म्हणूनच ते अर्धे वाचलेले मला सहन होत नाही.

पहिला अध्याय उघडा. एका टोळधाडीतून राहिले ते दुसरीने खाल्ले, दुसरीतून राहिले ते तिसरीने, आणि उरलेसुरले चौथीने. अंजिराच्या झाडाची साल सोललेली आहे, फांद्या पांढऱ्या पडल्या आहेत. शेतकरी लाजले आहेत, द्राक्षमळेकरी रडत आहेत. बाराव्या वचनात वाळलेल्या झाडांची नावे आहेत: द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, खजूर, सफरचंद. हो ताई, डाळिंब. बियाणे ढेकळांखाली कुजले, कोठारे ओस पडली, गुरे हंबरत फिरत आहेत कारण चारा नाही. हे कवीने उगाच रंगवलेले चित्र नाही. १९१५ साली त्याच प्रदेशात, यरुशलेमेच्या (जेरुसलेमच्या) आसपास, मार्चपासून टोळ उतरले आणि काही महिन्यांत हिरवे म्हणून काही ठेवले नाही. तिथल्या अमेरिकन कॉलनी या ख्रिस्ती वसाहतीतल्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात. टोळधाडीच्या आधीचे पानांनी भरलेले अंजिराचे झाड, आणि नंतर तेच झाड, नुसता सांगाडा. योएलने लिहिले तसेच.

'टोळांनी खाल्लेली वर्षे' हा शब्दप्रयोग शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. धान्य गेले तर एक हंगाम जातो, पण फळझाड गेले तर नवे लावून ते धरायला येईपर्यंतची सगळी वर्षे जातात. तुम्ही दोन बहार फवारणीत घालवले, मग झाडे उपटली, मग जमीन तशीच राहिली, आणि दरम्यान मुलगी बारावी होऊन कॉलेजात गेली. देव योएलच्या तोंडून त्या वर्षांबद्दल बोलतो. तो नुकसान नाकारत नाही. ज्या देवाला गेलेली वर्षे मोजता येतात त्याच्यापुढे "आमचे खूप गेले" असे म्हणायला लाजायचे कारण नाही.

मग हे भरून देणे कसे होते? दुसऱ्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे. आधी, वस्त्रे नव्हे, अंतःकरणे फाडा, असे देव म्हणतो. मग सगळ्या लोकांना एकत्र बोलावले जाते: वडीलधारे, मुले, अंगावर पिणारी बाळे, इतकेच काय, नवरा-नवरीनेही आपली खोली सोडून यायचे. वस्त्रे नव्हे, अंतःकरणे फाडा, असे देव म्हणतो. मग आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस, मग खळी गव्हाने भरतात, कुंडांतून द्राक्षारस आणि तेल ओसंडते. आणि मग पंचविसावे वचन. ते सियोनेच्या सगळ्या लेकरांना दिलेले आहे. एका घराने पैसे भरून मिळवलेली ती खासगी पावती नव्हे. दुपटीचा शब्दही त्या वचनात नाही.

अर्पणाचे काय? हीच जागा वक्त्यांनी वगळली. योएलच्या काळात मंदिरातले अन्नार्पण आणि पेयार्पण बंद पडले होते, कारण लोकांच्या घरात धान्यच नव्हते. याजक वेदीपुढे शोक करत होते. अशा वेळी संदेष्ट्याने लोकांना सांगितले का, की घरातला शेवटचा पायलीभर गहू आणा, म्हणजे देव दुप्पट देईल? नाही. दुसऱ्या अध्यायातले चौदावे वचन वाचा. कदाचित देव वळेल, कळवळेल आणि मागे आशीर्वाद ठेवून जाईल, आणि त्याच आशीर्वादातून त्याच्यासाठी अन्नार्पण व पेयार्पण होईल, अशी आशा योएल धरतो. वेदीवर ठेवायचे धान्यही आधी देवच देणार. रिकाम्या हातांकडून त्याने आधी काही मागितले नाही. तुमच्या पाटल्यांबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या एका वचनात आहे.

सासूबाई कदाचित सारफथच्या विधवेची गोष्ट काढतील. या प्रकारच्या सभांत ती हमखास येते. मूठभर पीठ, थोडेसे तेल, आणि संदेष्टा म्हणतो, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर करून आण. तिने दिले आणि मडक्यातले पीठ सरले नाही. गोष्ट खरी आहे, पण ती कोणत्या परिस्थितीत घडली तेही पाहावे. एलीया स्वतः उपाशी होता. करीथ ओहोळ आटल्यावर देवाने त्याला तिच्या दारात पाठवले. तो तिची भाकर घेऊन पुढच्या गावी गेला नाही, तिच्याच घरी राहिला, तेच पीठ तिघांनी खाल्ले, आणि तिचा मुलगा मेला तेव्हा त्याला उचलून माडीवरच्या आपल्या खाटेवर घेऊन देवाशी भांडला. तुमच्या पाटल्या घेणारे तुमच्या घरात राहून तुमच्याबरोबर डाळ-भाकर खाणार आहेत का? रानात बसलेल्या माणसाला उचलून प्रार्थना करायला थांबणार आहेत का?

मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेबद्दलही तेच सांगेन. मार्कच्या बाराव्या अध्यायात येशूने तिचे देणे सगळ्यांत मोठे ठरवले. पण त्याच्या आधीच्याच वचनांत, एका श्वासाच्या अंतरावर, तो म्हणतो की विधवांची घरे गिळणाऱ्या आणि लोकांना दिसावे म्हणून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना जास्त कडक शिक्षा होईल. ही दोन्ही वचने एकाच दिवशी वाचली पाहिजेत.

तुमच्या परिस्थितीला सर्वांत जवळची गोष्ट मात्र तिसऱ्याच विधवेची आहे, २ राजे ४ मधली. नवरा देवभीरू होता, तो गेला, कर्ज मागे राहिले, आणि सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला. अलीशा संदेष्ट्याने विचारले, घरात काय आहे? तेलाची एक कुपी. तो म्हणाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी आणू नको. तेल वाढले, भांडी भरली, आणि मग संदेष्ट्याने सांगितले: तेल विक, देणे फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुले जगा. त्याने स्वतःसाठी एक थेंबही मागितला नाही. चमत्कार झाला, पण तो शेजाऱ्यांच्या भांड्यांत झाला आणि त्याचा शेवट कर्जफेडीत झाला.

म्हणून आता कर्जाचे बोलू. एका कागदावर सोसायटीचे किती, त्या माणसाचे किती, आतापर्यंत व्याज किती गेले, हे दोघांनी मिळून लिहा. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला शंभरावर साठ रुपये. अशा व्याजाखाली कुठलेच घर वर येत नाही, त्याचा विश्वास कितीही असो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जाऊन त्या माणसाकडे परवाना आहे का ते विचारा. नसेल तर लेखी तक्रार करता येते. त्याने जमीन लिहून घेतली असेल तर तेही सांगा, बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत करण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. सोसायटीकडे कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारा. पाटल्या मोडायच्याच ठरल्या, किंवा बँकेत सोनेतारण ठेवायच्या ठरल्या, तर त्या मुलीच्या फीसाठी किंवा त्या साठ टक्क्यांतून सुटण्यासाठी. तेही यजमानांशी बोलून, घाई न करता.

हे सगळे दुनियादारीचे आहे, आत्मिक नाही, असे कुणी म्हणेल. त्यांना नहेम्याचा पाचवा अध्याय वाचायला द्या. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेचा तट बांधत होते आणि त्याच वेळी ओरडत होते की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली, राजाच्या करासाठी कर्ज काढले, आमच्या मुली दासी झाल्या. नहेम्याला भयंकर राग आला. त्याने सरदारांना आणि अंमलदारांना सभेत बोलावून, व्याज सोडा आणि शेते आजच परत करा, असे सांगितले आणि याजकांपुढे शपथ घ्यायला लावली. आपल्या कपड्याचा ओटा झटकून म्हणाला, जो शब्द पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको. आणि स्वतः बारा वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. शास्त्रात पुनःस्थापना, म्हणजे गेलेले परत मिळणे, म्हणतात ती अशी गहाणखते परत करूनही होते.

लपलेल्या पापाच्या प्रश्नावर मी थोडक्यातच लिहिणार आहे, कारण तो प्रश्न तुमच्या डोक्यात कुणीतरी घातला आहे. तेल्या जिवाणूमुळे येतो. पावसाच्या वाऱ्यावर, रोगट रोपांवर आणि छाटणीच्या कात्रीवर एका बागेतून दुसरीत जातो. तुमच्या शिवारात आणखी कुणाच्या बागा गेल्या असतील तर त्यांच्या घरांतही तुम्ही पाप शोधणार का? योएलने इतका मोठा नाश वर्णिला, पण लोकांच्या एकाही ठराविक पापाचे नाव घेतले नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारले तेव्हा याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले म्हणून नव्हे, असे येशूने सांगितले. आणि ईयोबाचे मित्र दिवसेंदिवस त्याला हेच समजावत होते, की तुझ्यात काहीतरी असणारच. शेवटी देवाचा राग ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर भडकला.

ईयोबाचा शेवटचा अध्याय सासूबाईंबरोबर सावकाश वाचावा असे मला मनापासून वाटते. दुपटीचा हिशेब तिथे खरोखर आहे: सात हजार मेंढरांची चौदा हजार, तीन हजार उंटांचे सहा हजार. पण त्या आकड्यांच्या आधीच्या वचनाकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्याचे सगळे भाऊ, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, त्याचे सांत्वन केले, आणि प्रत्येकाने त्याला एक नाणे आणि सोन्याची एक अंगठी दिली. सोने पीडित माणसाच्या घरातून बाहेर गेले नाही, ते त्याच्या घरात आले. पुढची चौदा हजार मेंढरे त्याच वर्गणीपासून सुरू झाली असतील, असे मी मानते. आणि मुलांचा आकडा बघा. जनावरे दुप्पट झाली, पण मुलगे पुन्हा सातच आणि मुली तीनच. मेलेल्या लेकरांची भरपाई दुपटीने होते असा हिशेब शास्त्र करत नाही.

हे कठीण आहे, पण मला ते लिहिलेच पाहिजे. काही गोष्टी परत येत नाहीत. नामी मवाबातून बेथलेहेमात परतली तेव्हा गावातल्या बायकांना म्हणाली, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी आणले. शेजारी तिची सून रूथ उभी होती आणि तरीही ती असे म्हणाली. कुणी तिला दटावले नाही. दुष्काळात गाव सोडलेले, नवरा आणि दोन्ही मुलगे परक्या देशात पुरलेले. त्यातले कुणीही शेवटपर्यंत परत आले नाही. तिला जे मिळाले ते कसे मिळाले याकडे बघा. जवाची कापणी सुरू होती. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसे गरीब आणि परदेशी यांच्यासाठी राहू द्या, असा नियम देवाने लेवीयच्या पुस्तकात आधीच घालून ठेवला होता, आणि बवाज नावाचा एक शेतकरी तो पाळत होता. नियमापेक्षा जास्तच केले त्याने. पेंढ्यांतली कणसे मुद्दाम काढून तिच्यासाठी टाका, आणि तिला टोकू नका, असे गड्यांना सांगितले. रूथने दिवसभर वेचून, झोडपून एफाभर (त्या काळचे धान्याचे मोठे माप) जव घरी नेले. नंतर वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर नामीच्या मयत नवऱ्याच्या, अलीमलेखाच्या, जमिनीचा व्यवहार झाला, जोडा काढून देण्याच्या रिवाजाने पक्का झाला. बवाजाने रूथशी लग्न केले. नामीच्या मांडीवर त्यांचा मुलगा ओबेद आला, आणि शेजारणींनीच त्याचे नाव ठेवले. हा तुझा जीव पुन्हा ताजा करील, म्हातारपणी तुला पोशील, असे त्या म्हणाल्या. या पुस्तकात आकाशातून आवाज येत नाही, समुद्र दुभंगत नाही. एक कायदा आहे, एक प्रामाणिक शेतकरी आहे, एक कष्टाळू सून आहे, वेशीतले पंच आहेत आणि शेजारणी आहेत. देवाने त्यांच्या हातून दिले. ओबेदाचा मुलगा इशाय, इशायाचा दावीद, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात ही वंशावळ थेट ख्रिस्तापर्यंत जाते.

दुःख आणि नवी सुरुवात एकाच वेळी असू शकतात, हेही शास्त्राला माहीत आहे. बंदिवासानंतर नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले आणि तरुण आनंदाने ओरडले, आणि कोणता आवाज कशाचा ते लोकांना ओळखू येईना. एज्राने हे तसेच लिहून ठेवले, रडणाऱ्यांना गप्प केले नाही.

म्हणून आता तुमच्या मंडळीकडे येते. तुम्ही दशांश देत राहिलात. अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा, आणि तो लेवी (मंदिराच्या सेवेतले लोक), परदेशी, पोरके आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचा. दशांश देणारा हात आणि घेणारा हात एकाच मंडळीत असतो, आणि सध्या तुमचे घर घेणाऱ्या बाजूला आहे. यात कमीपणा नाही. रानात इस्राएली लोकांसाठी आकाशातून मान्ना हे अन्न पडले तेव्हा ज्याने पुष्कळ गोळा केला त्याचे जास्त झाले नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडले नाही, आणि साठवून ठेवलेल्यात किडे पडले. पौलाने करिंथकरांना लिहिताना हेच वचन काढले, ते यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी मागताना. आज तुमच्या विपुलतेने त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. त्याच पत्रात तो म्हणतो की देणे मनुष्याजवळ असेल त्याप्रमाणे मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नव्हे, आणि कुणी दबावाने देऊ नये. या वचनांच्या आधाराने तुमची फी आणि तुमचे रेशन हा तुमच्या मंडळीचा विषय आहे.

आपल्या मराठी भूमीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७४ साली अन्नान्न करत त्यांचे आईवडील गेले. ते कधी परत मिळाले नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना जेवू घातले, शिकवले, कामाला लावले. एका दुष्काळाने जिचे घर खाल्ले तिच्या हातून दुसऱ्या दुष्काळात देवाने भाकरी वाटली. मला पुनःस्थापनेबद्दल कुणी विचारले की मी मेळाव्यांतल्या घोषणांपेक्षा केडगावचा विचार करते.

या आठवड्यात तुमच्या पाळकांना आणि मंडळीतल्या दोन विश्वासू वडिलांना घरी बोलवा. यजमान घरी असतील अशी वेळ ठरवा. कर्जाचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि सरळ मागा: फीसाठी इतके कमी आहेत, निबंधकांच्या कार्यालयात आमच्याबरोबर कुणीतरी चला, आणि महिनाभर रोज संध्याकाळी कुणीतरी यांच्याजवळ येऊन बसा. प्रार्थनाही करा, पण या तीन गोष्टी ठरल्याशिवाय उठू देऊ नका. पाळकच त्या बीजाच्या बाजूचे असतील तर भगिनी मंडळातल्या एखाद्या जाणत्या बाईकडे जा.

आणि रविवारी साक्षीच्या वेळी बाहेर जाऊ नका. योएलच्या त्याच अध्यायात, वर्षे भरून देण्याच्या वचनाला लागून, देव दोनदा म्हणतो की माझे लोक पुन्हा लज्जित होणार नाहीत. तुम्हाला उभे राहावेसे वाटले तर उभ्या राहून स्तोत्र १३ वाचा: "हे परमेश्वरा, कोठवर?" तेही परमेश्वरापुढे गायिलेलेच स्तोत्र आहे आणि रडत वाचले तरी चालते. वाचायचे नसेल तर बसून राहा. यजमान आले नाहीत तर त्यांना ओढू नका, त्यांच्यापाशी कुणी थांबले आहे एवढे बघा. निबंधकांच्या कार्यालयात काय सांगितले ते मला कळवा. त्या माणसाचे कागद मिळाले तर त्यांच्या प्रतीही पाठवा, मी वकिलांना दाखवून लिहीन.

तुमची,
ताई